कणीचा हिशेब आहे, ओळीचा का नाही?

"ती नुसती सेटिंग्ज असतात, त्यात काय एवढं!" हे वाक्य मी पुण्याच्या भाच्याकडून ऐकले, त्याच्या मित्रांकडून ऐकले, आणि परवा आपल्यातल्याच एका ब्लॉगमित्रांनीही मला तेच लिहून पाठवले. तिघांवरही माझा लोभ आहे, तो तसाच राहील. पण हे वाक्य मला मुळीच मान्य नाही आणि आज त्यावर चांगले सविस्तर भांडायचे ठरवून बसले आहे.

विषय आहे क्लाऊडवर माहितीची प्रक्रिया करणाऱ्या सेवा, आणि त्या सुरू करताना करावी लागणारी मूलभूत मांडणी. त्या लोकांच्या भाषेत कॉन्फिगरेशन. दचकू नका! मराठी माध्यमातून बीए झालेली, आयुष्य खडू-फळ्यात घालवलेली बाई यावर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण ज्या यादीत आपले नाव असायला हवे होते आणि नाही, ती यादी अशाच ठिकाणी तयार होते. तेव्हा बोलण्याचा अधिकार मलाही आहे आणि तुम्हालाही. (वाचणारे निम्मे नातेवाईक आहेत, म्हणून हक्काने सांगते, शेवटपर्यंत वाचा.)

आम्हा गोंदियाकरांना ही गोष्ट समजायला खरे तर सर्वात सोपी. आपला जिल्हा धानाचा आणि राईस मिलचा. धान आपण पिकवतो आणि भरडायला मिलमध्ये देतो, घरोघरी कोणी मिल बांधत नाही. क्लाऊड म्हणजे हेच. यंत्रे दुसऱ्याची, जागा, वीज, देखभाल त्यांची. आपण माहिती पाठवायची, ती त्यांच्या यंत्रांवर भरडून घ्यायची आणि यंत्र जेवढा वेळ चालले तेवढे भाडे द्यायचे. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल हे यातले मोठे मिलवाले. मायक्रोसॉफ्टचे केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचे २०१६ पासून आणि गूगलचे २०१७ पासून मुंबईत. हा ढग आकाशात बिकाशात काही नाही, आपल्याच राज्यात जमिनीवर आहे.

आता मिलच्या दारात काय बोलणे होते ते आठवा. अरवा काढायचा की उसना? पॉलिश किती? कणी वेगळी करायची का? कोंडा कोण नेणार? हे बोलणे झाल्याशिवाय कोणी पोते खाली उतरवत नाही. क्लाऊडच्या सेवेतही यंत्र चालू करण्याआधी अशीच प्रश्नावली भरावी लागते. काम कोणत्या केंद्रात चालवायचे? यंत्रे कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती? काम संपल्यावर किती मिनिटांनी ती आपोआप बंद व्हावीत? माहिती कुठून उचलायची, कुठे ठेवायची? कोणाला ती बघता यावी? तारीख कशी वाचायची, घड्याळ कुठले मानायचे, अक्षरे कोणत्या संकेतातली, कोणत्या रकान्यात अंक आणि कोणत्या रकान्यात मजकूर? आणि सर्वात शेवटी, वाचता न येणारी ओळ आली तर काय करायचे?

भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत मला हे सगळे दाखवले. मी वहीत उतरवून घेतले, नंतर शब्दकोश घेऊन त्यांची माहितीपत्रकेही वाचली. माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी. पहिल्या चार-पाच प्रश्नांवर सगळे काळजीपूर्वक विचार करतात, कारण त्यात पैसा आहे. जास्त यंत्रे लावली की बिल वाढते, यंत्र बंद करायला विसरले की साहेब रागावतात. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र कंपनीने आधीच भरून ठेवलेली असतात आणि बहुतेक जण ती तशीच राहू देतात. माझे भांडण या उरलेल्या प्रश्नांशी आहे.

घड्याळाचेच घ्या. या सेवांमध्ये आधीपासून लावलेली वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एखाद्याच्या नोंदीत '१ एप्रिल' एवढीच तारीख असली, आणि ती आपल्याकडची मध्यरात्र धरून जागतिक वेळेत बदलली गेली, तर ती साडेपाच तास मागे जाते. म्हणजे झाले ३१ मार्च, संध्याकाळचे साडेसहा! आर्थिक वर्षच बदलले. ज्यांच्या आयुष्यात ३१ मार्च आणि १ एप्रिल यांच्यामध्ये पीककर्जाचा नवा-जुना हिशेब उभा असतो, त्यांना हा साडेपाच तासांचा फरक 'नुसता' वाटणार नाही. तारखेच्या क्रमाचेही तसेच. अमेरिकेच्या पद्धतीने महिना आधी वाचला तर ५ जुलैचा ७ मे होतो. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर चूक निदान उघडी पडते. तो बारा किंवा त्याहून लहान असेल तर चूक शहाण्यासारखी गप्प बसून राहते. (आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या जन्मतारखा गुरुजींनीच १ जून नाहीतर १ जुलै अशा लिहिलेल्या. त्यांची आणखी उलटापालट झाली तर कुंडलीवाल्यांनाही आवरणार नाही!)

रकान्यात अंक आहे की मजकूर, हे यंत्राने स्वतःच ओळखावे अशीही एक सोय असते. सोय चांगली वाटते. पण बँकेच्या खात्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीला शून्ये असली की यंत्र म्हणते, हा तर अंक, आणि अंकाच्या डावीकडच्या शून्याला किंमत नाही! तिसरीत आम्हीच हे शिकवले आहे. शून्ये उडाली, खाते क्रमांक बदलला. जुन्या कृतिदेव टंकातला मजकूर युनिकोड समजून वाचायला दिला तर काय अक्षरे निघतात ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेले आहे, त्यावर जागा घालवत नाही.

आता मुख्य मुद्दा. वाचता न येणारी ओळ.

स्पार्क नावाचे एक प्रक्रिया करणारे यंत्र आहे. यंत्र म्हणजे लोखंडी नव्हे, आज्ञावलीचे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात २००९ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली, आणि आज मोठमोठ्या क्लाऊड सेवांच्या पोटात तेच फिरते आहे. त्याला रकान्यांची साधी फाईल वाचायला दिली आणि एखादी ओळ बिघडलेली निघाली तर काय करायचे, यासाठी तीन पर्याय आहेत. पहिला, चालवून घ्या. दुसरा, ओळ गाळून टाका. तिसरा, तिथेच थांबा आणि ओरडा. त्यांची नावे अनुक्रमे परमिसिव्ह, ड्रॉपमालफॉर्म्ड आणि फेलफास्ट. आपण काहीच सांगितले नाही तर पहिला पर्याय लागू होतो.

'चालवून घ्या' ऐकायला किती दयाळू वाटते! पण होते काय, तर जो रकाना वाचता आला नाही तो रिकामा सोडला जातो. मूळ ओळ जशीच्या तशी वेगळ्या रकान्यात जपून ठेवण्याची व्यवस्था आहे, पण तो रकाना आपण आधी मागून ठेवलेला असला तरच. मग पुढच्या टप्प्यावर ही यादी दुसऱ्या यादीशी ताडून पाहतात. समजा आधारच्या यादीशी किंवा बँकेच्या यादीशी. रिकामा रकाना कशाशीच जुळत नाही, त्यांच्या नियमाप्रमाणे तो दुसऱ्या रिकाम्या रकान्याशीसुद्धा जुळत नाही. जुळणाऱ्या ओळीच तेवढ्या पुढे जातात. म्हणजे दाराशी 'चालवून घेतलेला' माणूस माजघरात पोचेपर्यंत नाहीसा होतो, आणि कुठे नाहीसा झाला हे कोणी बघितलेले नसते. काम यशस्वी झाल्याची हिरवी खूण मात्र पडद्यावर उमटते.

गूगलच्या डेटाफ्लो या सेवेचा स्वभाव वेगळा. तिथे एकगठ्ठा काम चालू असेल आणि एखाद्या ओळीवर अडले तर ती चार वेळा प्रयत्न करते आणि मग सगळे कामच बंद पाडते. सतत वाहत येणारी माहिती असेल तर मात्र त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कितीही वेळ. (हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. त्याला आपण 'फाईल टेबलावर आहे' म्हणतो.) ही कटकट नको असेल तर बिघडलेल्या ओळी बाजूला काढून ठेवण्याची वेगळी जागा करणाऱ्यानेच बांधून घ्यायची. ती बांधायची की नाही हे ठरवणारा कोण? पुण्यातला एखादा पंचविशीतला मुलगा, संध्याकाळी सहाची मुदत डोक्यावर असलेला. त्याला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नसते की या रकान्यात माणसे आहेत.

आणि ही उत्तरे म्हणजे निसर्गनियम आहेत असेही नाही. स्पार्कमध्ये मजकुराचा अंक करताना तो जमला नाही तर गुपचूप रिकामी जागा सोडायची, अशी रीत वर्षानुवर्षे होती. मे २०२५ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, तिच्यात करणाऱ्यांनीच ही रीत बदलली. आता न जमल्यास यंत्र चूक म्हणून सांगते. म्हणजे आधीची रीत हे कोणाचे तरी मत होते, आताची हेही कोणाचे तरी मत आहे. मते बदलतात. मग ज्यांच्या जिवावर ती चालतात त्यांना मत विचारायला काय हरकत आहे?

शाळेत आम्ही काय करत होतो ते सांगते. रोज सकाळी हजेरी झाली की फळ्याच्या कोपऱ्यात तीन आकडे लिहायचे: पट, हजर, गैरहजर. हजर आणि गैरहजर मिळून पट आलाच पाहिजे. नाही आला तर पुन्हा हजेरी. एक मूल कमी भरले म्हणून संडासाच्या मागे, चिंचेखाली, तळ्याकाठी जाऊन शोधलेले आहे. 'बाकी सगळे तर हजर आहेत ना' असे म्हणून कोणी शिकवायला सुरुवात केली नाही. दाखल-खारीज रजिस्टरात एकदा लिहिलेली नोंद खरवडायची नाही. चूक असेल तर लाल शाईने आडवी रेघ, शेजारी दुरुस्ती, मुख्याध्यापकांची सही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ती रजिस्टरे आजही जातीच्या दाखल्यासाठी उघडली जातात, कारण त्यात काय बदलले आणि कोणी बदलले हे दिसते.

दहावीच्या निकालाचे बघा. एखाद्या मुलाच्या कागदपत्रांत घोळ असेल तर मंडळ त्याचा निकाल 'राखीव' ठेवते. बैठक क्रमांक असतो, त्यापुढे 'राखीव' असते. मूल रडते, पालक धावतात, पण त्यांना ठाऊक असते की आपण कुठेतरी आहोत, अडकलो आहोत, सोडवून घ्यायचे आहे. तो बैठक क्रमांकच निकालातून गायब झाला तर? कल्पना करा! राज्यभर गदारोळ होईल. अनुत्तीर्ण परवडला, राखीव परवडला, नाहीसा होणे परवडत नाही.

आता आमच्या गल्लीतल्या एका आजींचे सांगते. दोन एकराच्या बांध्या आहेत, एवढेच त्यांचे भांडवल. सरकारने २०२२-२३ च्या खरिपासाठी धान उत्पादकांना हेक्टरी १५ हजार रुपये प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली होती, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पुढच्या वर्षी ती हेक्टरी २० हजार झाली. आजींनी नोंदणी केलेली, पावती हातात. यादी आली तर नाव नाही. एका कार्यालयात म्हणाले, सिस्टीममध्ये दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, वरूनच आले नाही. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, बँकेत विचारा. मी स्वतः दोनदा बरोबर गेले. नामंजूर झाले का, विचारले. नाही म्हणाले. मंजूर झाले का? तेही नाही. मग आहे तरी काय? "दिसत नाही, बाई."

पैसे आठ महिन्यांनी जमा झाले. कारण आजतागायत कोणी सांगितलेले नाही. त्यांची ओळ नेमकी कुठे गळली हे दाखवणारा कागदच कुणापाशी नाही, आणि माझी तक्रार हीच आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. प्रशासनाने घेतलेल्या निर्णयाची कारणे ज्याच्यावर परिणाम होतो त्याला द्यावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण इथे निर्णय घेतला कोणी? कोणीच नाही. यंत्राने ओळ सोडली, निर्णयाचा कागद झाला नाही, म्हणून कारणही नाही. कायदा चांगला, पण सेटिंगच्या फटीतून तो खाली सांडतो.

कर्जमाफीचे प्रकरण तुम्हाला आठवत असेलच. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची माफी जाहीर केली. ८९ लाख शेतकरी आणि ३४ हजार २२ कोटी रुपये, असे आकडे तेव्हा सांगितले गेले. शेतकऱ्यांनी केंद्रांवर रांगा लावून ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी ६६ रकान्यांत माहिती पाठवायची, आणि यंत्राने दोन्ही ताडून याद्या काढायच्या. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर घोळ बाहेर आला. एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे, नावे आणि खाती न जुळणारी, असे काय काय वर्तमानपत्रांत येऊ लागले, आणि यादी पुन्हा तपासत बसावे लागले. तेव्हा सगळे म्हणाले की माहितीच खराब होती. अहो, माहिती खराब असणारच! रहांगडाले हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारांनी लिहितात ते गोंदियात कोणालाही विचारा. टेंभरे, उईके, बिसेन, कटरे, पटले... सातबारा मराठीत, पासबुक इंग्रजीत, आधार ज्या माणसाने टंकले त्याच्या मर्जीत. मग या अशा माहितीचे काय करायचे, हा प्रश्न यंत्र चालू करायच्या आधीचा आहे. नंतरचा नाही.

तीन महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे आपले पहिले राज्य. माहिती देशातच राहावी वगैरे त्यात आहे, योग्यच आहे. पण मिल स्वतःची असो की भाड्याची, कणीचे काय करायचे हा प्रश्न तसाच उभा राहतो.

आणि तो सोडवता येतो, हे याच राज्याने दाखवले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची दुसरी कर्जमुक्ती जाहीर झाली. तिची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला निघाली ती फक्त ६८ गावांची, जिल्ह्यामागे दोन गावे. आधी शितावरून भात बघितला! याद्या गावात लावल्या, प्रत्येकाला क्रमांक दिला. केंद्रावर अंगठा लावताना शेतकऱ्याला कर्जाची रक्कम दाखवायची आणि ती मान्य आहे की नाही हे विचारायचे. मान्य नसेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. ही दुसरी योजना निर्दोष होती असे मी म्हणत नाही, तिच्यातूनही सुटलेले लोक आहेत. पण 'मला हे मान्य नाही' असे म्हणायची जागा मांडणीतच ठेवली होती. सरकार कोणते होते, पक्ष कोणता होता, हा माझा विषय नाही. (त्यावरून घरात वाद नकोत. मागच्या वेळी गणपतीत झाला तेवढा पुरे.)

माझ्या जुन्या पेशाकडे येते. २०२२-२३ च्या संचमान्यतेपासून आधार जुळलेली मुलेच पटात धरायचे ठरले. हेतू बोगस पट रोखण्याचा, तो मला मान्यच आहे. पण ज्या मुलाच्या आधारवर नावाची वेलांटी चुकली, ते मूल चटईवर बसलेले असते, खिचडी खाते, पाढे म्हणते आणि मोजणीत नसते. त्याच्यामुळे शिक्षकाचे पद कमी-जास्त होऊ शकते. बाईंनी हजेरी घेतली तर हजर, यंत्राने घेतली तर नाही. या दोन हजेरींमधला फरक कोणत्या रकान्यात लिहितात, ते मला कोणी दाखवावे.

आता आक्षेपांकडे. भाचा म्हणतो, मावशी, प्रत्येक ओळीवर थांबलो तर काम कधी होणार? मी थांबा म्हणतच नाही! कोट्यवधी ओळींत दहा बिघडल्या म्हणून सगळ्यांचे पैसे अडवा, असे कोण म्हणेल? बाकीच्यांचे पुढे जाऊ द्या. बिघडलेल्या बाजूला काढा, आणि त्या बाजूला आहेत हे सांगा.

ब्लॉगमित्रांचा आक्षेप गंभीर आहे. अशा याद्या लावल्या तर लोकांची खासगी माहिती चव्हाट्यावर येईल, आणि आता तर त्यासाठी २०२३ चा कायदाही आहे. बरोबर आहे. म्हणून नाव नको, आधार नको, खाते नको. अर्जाचा क्रमांक आणि कारण एवढेच लावा. 'नाव जुळत नाही', 'खाते क्रमांक वाचता आला नाही', 'तारीख चुकीची'. ज्याचा अर्ज आहे त्याला आपला क्रमांक ठाऊक असतो. बैठक क्रमांकावर आपण पिढ्यान्‌पिढ्या निकाल बघितलेच की.

खर्चाचेही विचारले मी. दहा लाख ओळी बाजूला काढून साठवायच्या तर किती लागतील? भाच्याने हिशेब करून सांगितले, एक ओळ पाचशे अक्षरांची धरली तर मुंबईच्या केंद्रात महिन्याला रुपया-दीड रुपया. शंभर नव्हे, हजार नव्हे, एक-दीड रुपया. सांगताना तो स्वतःच जरा गप्प झाला.

आणि आता मिलकडे परत जाऊ, कारण माझा सर्वात मोठा राग तिथे आहे. सरकार आधारभूत किमतीने घेतलेला धान मिलला भरडायला देते तेव्हा उतारा ठरलेला असतो. एक क्विंटल धानामागे अरवा तांदूळ ६७ किलो, उसना ६८ किलो. तेवढा परत आलाच पाहिजे. मिलवाला म्हणाला की 'सिस्टीममध्ये दिसत नाही', तर त्याच्यावर कारवाई होते. या जिल्ह्यात त्या एका टक्क्यावरून, दोन टक्क्यांवरून मोर्चे, निवेदने, बैठका सगळे झालेले आहे. तांदळाच्या दाण्याचा हिशेब आम्ही मागतो, सरकारही मागते. आणि ज्या बाईने तो धान चिखलात वाकून रोवला तिची ओळ यंत्रात गेली आणि बाहेर आली नाही, तर तिचा उतारा कोणी विचारत नाही.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. शासनाच्या कोणत्याही योजनेची यादी यंत्रावर निघाली की तिच्याखाली तीन आकडे छापावेत: आलेल्या ओळी, घेतलेल्या ओळी, बाजूला ठेवलेल्या ओळी. पहिल्या आकड्यात पुढचे दोन बसले पाहिजेत. बाजूला ठेवलेल्यांचे क्रमांक कारणासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. आणि बिघडलेल्या ओळीचे काय करायचे, तारीख कशी वाचायची, नाव किती जुळले म्हणजे जुळले म्हणायचे, हे नियम शासन निर्णयात मराठीत लिहून त्याखाली एका अधिकाऱ्याची सही असावी. सेटिंग म्हणून कुठल्याशा पडद्यावर दडलेले नसावेत.

येत्या ग्रामसभेत मी हा अर्ज देणार आहे, एक पानी आहे. भाच्याने त्यातले तांत्रिक शब्द तपासून दिले, मी त्याचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले. सालेकसा, देवरी आणि तिरोड्याकडच्या नातेवाइकांनी आपापल्या गावी द्यायचा असेल तर मला कळवावे, प्रत पाठवते. गावाचे नाव, तारीख आणि सहीची जागा मोकळी सोडली आहे. पावती मात्र मागून घ्या.